गोळ्यांची पिशवी

चि. डॉक्टर, अनेक आशीर्वाद.

निपाणीत दवाखाना सुरू केलास, फार बरं वाटलं. आता हार्ट ॲटॅक येऊन गेलेले, स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवून घरी आलेले पेशंट तुझ्याकडे येऊ लागतील. 'ब्लॉक काढला, आता काय नाही,' असं म्हणत खुर्चीत टेकतील. पण स्टेंटनं एकच जागा मोकळी झालेली असते. चरबीचे थर बाकीच्या रक्तवाहिन्यांतही असतात, मेंदूच्या आणि पायांच्यासुद्धा.

पहिल्याच भेटीत भाषण देऊ नकोस. गोळ्यांची पिशवी आणायला सांग आणि टेबलावर रिकामी करायला लाव. आपल्याकडं कुणाची अँजिओप्लास्टी कोल्हापुरात, पुढची तपासणी बेळगावात आणि बीपीची गोळी गावातल्याच कुणाकडची. मग पिशवीतून कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या, ॲटोरव्हास्टॅटिनच्याच, दोन कंपन्यांच्या पट्ट्या निघतात आणि गुठळी होऊ न देणारं क्लोपिडोग्रेल नसतंच. प्रत्येक पट्टी उलटी करून मूळ औषधाचं नाव वाच. उरलेल्या गोळ्या मोज. पंधरातल्या अकरा दोन आठवड्यांनी तशाच दिसल्या तर ओरडू नकोस, कारण विचार. कधी पैसे नसतात, कधी पित्त होतं, पण बहुतेक वेळा 'रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बंद केली' असंच ऐकशील. तो नॉर्मल गोळीमुळेच आलाय, हे त्याला पटेपर्यंत सांग. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 70 च्या खाली हवं, जमलं तर 55 च्या.

माझ्या सुरुवातीच्या काळात एका पेशंटनं स्टेंटनंतर तिसऱ्या महिन्यात दाढ काढायची म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या आपणहून बंद केल्या. आठवड्याच्या आत स्टेंटमध्येच गुठळी झाली. तो गेला. गोळ्या मी लिहून दिल्या होत्या, पण त्या कशासाठी आणि कुठवर, हे सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येकाच्या फाइलवर तारीख घालतो. दोन्ही गोळ्या साधारण वर्षभर, पुढं बहुतेकांना एक कायमची. मधे कुणीही बंद करा म्हटलं, तर आधी हृदयरोगतज्ज्ञाला फोन.

तंबाखूचा विषय सांभाळून काढ. निपाणीतल्या कितीतरी घरांची चूल तिच्यावर पेटलीय, त्या कष्टांना नावं ठेवू नकोस. आणि प्रश्न नेमका विचार. 'तंबाखू खाता का?' म्हटलं की मावशी 'छे' म्हणतात. 'मिश्री लावता का?' म्हटलं की पदर तोंडाला जातो. बिडीवाला 'चारवर आणल्यात' म्हणेल. शाबासकी दे, पण तिथं थांबू नकोस. चार बिड्यांनीही हृदयाचा धोका बराच राहतो. पूर्ण सुटेपर्यंत दर भेटीला विचारत राहा.

बीपी 130/80 च्या खाली, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) बहुतेकांना 7 टक्क्यांच्या आत, हे तुला ठाऊकच आहे. खर्डा, लोणचं, पापडातल्या मिठाबद्दल मात्र स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीशी बोल. तिलाही आत बोलव. घरचे भीतीपोटी माणसाला अंथरुणावरून उठू देत नाहीत. त्यांच्यासमोरच सांग की तज्ज्ञानं परवानगी दिली की हळूहळू वाढवत रोज अर्धा तास चालायचंच.

आणि टेबलावर एक स्केचपेन ठेव. कन्नड, मराठी, इंग्रजी काहीच वाचता येत नाही अशांसाठी सकाळच्या पट्टीवर सूर्य काढ, रात्रीच्या पट्टीवर चांदणी. पुढच्या खेपेला पिशवी उघडलीस की कुठली पट्टी संपलीच नाही, ते लगेच दिसेल.

तुझे,
सर