राजीनामा खिशात आहे, तो द्यावा का?

प्रश्न : पाळकसाहेब, सलाम. मी २७ वर्षांचा असून चाकणच्या औद्योगिक वसाहतीत, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात कायम नोकरीला आहे. आमचे गाव अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. चर्चमध्ये दृढीकरण (विश्वास जाहीरपणे कबूल करण्याचा विधी) झाल्यानंतर सात-आठ वर्षे, नाताळ सोडला तर, मी उपासनेला गेलो नव्हतो. २०२१ च्या उन्हाळ्यात वडील करोनाने गेले, तेव्हा सख्खे नातेवाईक पुढे यायला धजावले नाहीत. पण चर्चच्या ज्या मंडळीला मी विसरलो होतो तिच्या तरुण संघाची सहा मुले आली, त्यांनी कबर खणली आणि वडिलांना माती दिली. त्यानंतर जूनमध्ये मी ही नोकरी धरली आणि मंडळीतही पुन्हा जाऊ लागलो. आता दर रविवारी कामगार वस्तीतल्या मुलांची शब्बाथ शाळा (रविवारची बायबल शाळा) घेतो. मुक्त विद्यापीठातून बी. ए. करत असून शेवटच्या वर्षाची परीक्षा येत्या उन्हाळ्यात आहे.

गेल्या महिन्यात एका उज्जीवन सभेत (विश्वास नव्याने जागवण्यासाठी भरवलेल्या सभेत) बाहेरून आलेल्या वक्त्यांनी चर्चच्या पूर्णवेळ सेवेसाठी कोण उभे राहील असे विचारले आणि मी उभा राहिलो. नांगराला हात घातल्यावर मागे पाहायचे नसते, तेव्हा आठ दिवसांत राजीनामा देऊन आमच्या सहा महिन्यांच्या बायबल प्रशिक्षणाला या, असे त्यांनी मला सांगितले. राजीनामा लिहून खिशात ठेवला आहे. नेमके याच वेळी कंपनीने लाइन सुपरवायझरची जागा देऊ केली आहे. घरी आई आहे आणि बहीण नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडिलांच्या आजारपणासाठी व बहिणीच्या प्रवेशासाठी पतसंस्थेतून घेतलेल्या कर्जाचे ६,२०० रुपयांचे २९ हप्ते बाकी आहेत. माझी सोयरीक ठरली असून नाताळनंतर साखरपुडा आहे. मुलीकडच्यांना यातले काहीच ठाऊक नाही. मी थांबलो तर ती आज्ञाभंगाची गोष्ट ठरेल का? शिकायचे तर कोठे शिकावे? आणि घरी कसे सांगावे? (एक वाचक, चाकण)

उत्तर : प्रिय बंधू, सलाम. तुमचे पत्र मी तीनदा वाचले. त्यात सभेचे वर्णन आठ ओळींचे आहे, कबर खणणाऱ्या सहा मुलांचे मात्र एकाच वाक्यात आहे. मला विचाराल तर तुमच्या पाचारणाचा, म्हणजे देवाच्या बोलावण्याचा, माग त्या एका वाक्यात काढावा. सभेतल्या त्या संध्याकाळी फार तर तुम्ही ती गोष्ट चारचौघांत प्रथम बोलून दाखवलीत.

नांगराचे वचन लूकच्या नवव्या अध्यायात आहे आणि ते कठोर आहे, हे मी नाकारणार नाही. परंतु त्याच लूकच्या चौदाव्या अध्यायात, बुरूज बांधू इच्छिणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा हिशेब करणार नाही काय, असे प्रभूच विचारतो, आणि पाया घालून काम अर्धे टाकणाऱ्याला लोक हसतात असेही सांगतो. ही दोन्ही वचने शिष्यत्वाची किंमत सांगण्यासाठीच आली आहेत; त्यांतले एक सभेत मोठ्याने सांगायचे आणि दुसरे घरी विसरायचे, हा वचनाचा प्रामाणिक वापर नव्हे. आठ दिवसांची मुदत शुभवर्तमानात कोठेही नाही. ती वक्त्यांची आहे. त्यांच्या हेतूबद्दल मी बोलत नाही, परंतु ज्यांना तुमच्या आईचे नाव माहीत नाही, त्यांनी तुमच्या राजीनाम्याची तारीख ठरवू नये.

आईचा विषय निघालाच आहे तर मार्कचा सातवा अध्याय उघडा. आईबापांना जे देणे लागतो ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेले आहे, असे म्हणून त्यांच्या पालनपोषणातून अंग काढून घेणाऱ्यांना येशूने तेथे सडेतोड उत्तर दिले आहे. तुमची आई विधवा आहे, आणि पतसंस्थेचे कर्ज असल्याने तिच्यावर किंवा आणखी कोणावर जामीनकीचा बोजा असण्याचा संभव आहे. तुम्ही सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या संस्थेत, ‘पौलाची पत्रे’ हा विषय शिकत असताना वसुलीचा माणूस तिच्या दारात उभा राहणार असेल, तर त्या अर्पणाला ‘कुर्बान’ हाच शब्द लागू पडेल.

आता आपण खरोखरच बसून हिशेब करू. मी सेवेत येण्यापूर्वी सहा वर्षे टपाल खात्यात होतो, त्यामुळे ही सवय अजून सुटलेली नाही. कायम कामगाराला राजीनामा देताना ग्रॅच्युइटी मिळण्यासाठी सलग पाच वर्षांची नोकरी लागते. तुमची चार वर्षे चार महिने झाली आहेत. आज खिशातला कागद साहेबांच्या टेबलावर ठेवलात तर तो हक्क जवळजवळ आठ महिन्यांसाठी हातचा जाईल. तुमचा मूळ पगार व महागाई भत्ता मी उदाहरणादाखल १३,००० रुपये धरतो. दर वर्षासाठी पंधरा दिवसांचा पगार, आणि महिना सव्वीस दिवसांचा, या सूत्राने एका वर्षाचे ७,५०० रुपये होतात. येत्या जूनमध्ये पाच वर्षे भरल्यावर निघालात तर ३७,५०० रुपये, म्हणजे सहा हप्ते, हाती येतील. पण तोवर फक्त आठ हप्ते फिटलेले असतील आणि ग्रॅच्युइटी धरूनही पंधरा उरतील. त्यापुढचे एक वर्ष थांबलात तर वीस हप्ते पगारातून फिटतील, ४५,००० रुपयांच्या ग्रॅच्युइटीतून आणखी सात फिटतील आणि केवळ दोन हप्ते शिल्लक राहतील. बहिणीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असेल तर तोवर तीही शिकून बाहेर पडलेली असेल. भविष्य निर्वाह निधीला मात्र या हिशेबात धरू नका आणि नोकरी सोडल्यावर तो लगेच काढूही नका. पाळकाच्या घरात पुढे कोणत्या वर्षी काय लागेल ते सांगता येत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : राजीनामा फाडू नका, पण वीस महिने देऊही नका. सुपरवायझरची जागा घ्या. ती घेण्यात कंपनीची फसवणूक नाही, कारण केलेल्या कामाचा पगार तुम्ही घेणार आहात. मात्र खर्चीक प्रशिक्षणाला पाठवून काही वर्षांचा करार लिहून मागितला, तर त्यावर सही करू नका.

आज्ञाभंगाची भीती या कालावधीत तुम्हाला छळेल. तेव्हा प्रेषितांच्या कृत्यांचा अठरावा अध्याय वाचा. पौल करिंथला येतो, अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहतो आणि त्यांच्याबरोबर राहुट्या करण्याचे काम करतो. दर शब्बाथास सभास्थानात बोलतो. पुढे सीला व तीमथ्य मासेदोनियाहून आल्यावर तो वचनाच्या कामात सर्वस्वी गढून जातो. हातात सुई-दोरा होता तेव्हाही तो प्रेषितच होता. विल्यम केरीचेही असेच आहे. इंग्लंडमध्ये जोडे शिवणारा हा मनुष्य १७९३ मध्ये बंगालला आल्यावर काही वर्षे मुदनाबाटीच्या निळीच्या कारखान्याचा कारभार पाहत होता, पुढे तो फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागला, तेथला पगार सेरामपूरच्या मिशनच्या सामाईक खर्चात घालत राहिला, आणि त्या अध्यापनाच्या ओघातच १८०५ मध्ये त्याचे मराठी व्याकरण छापून निघाले. नोकरी नसती तर आपल्या भाषेच्या वाट्याला ते व्याकरण कदाचित आलेच नसते. (हे सेरामपूर कोलकात्याजवळचे, तुमच्या जिल्ह्यातल्या श्रीरामपूरशी त्याचा संबंध नाही. हा गोंधळ माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत दर वर्षी होतो.)

आणखी जवळचे उदाहरण हवे असेल तर कवी नारायण वामन टिळकांचे घ्या. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला आणि पाळकपदाची दीक्षा १९०४ मध्ये. मधल्या नऊ वर्षांत ते आपल्याच नगरमध्ये शिकवत होते, लिहीत होते आणि घर सांभाळत होते. मिशनच्या पगाराची नोकरी त्यांनी सोडली ती १९१७ मध्ये, म्हणजे आयुष्याची अवघी दोन वर्षे उरलेली असताना. त्यांच्या स्वभावात सबुरी फारशी नव्हती, हे त्यांना ओळखणारे सगळेच सांगतात; तरीही नऊ वर्षे गेली.

शिक्षणाविषयी. सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाने बायबलचे ज्ञान वाढेल, परंतु तेवढ्यावर आपल्या मुख्य मंडळ्यांत पाळकपदाची दीक्षा मिळत नाही, हे आधी समजून घ्या. कोणत्याही संस्थेत पाऊल ठेवण्यापूर्वी ती सेरामपूरच्या सिनेटशी (ईश्वरविज्ञानाच्या पदव्या देणाऱ्या मंडळाशी) संलग्न आहे का, हा पहिला प्रश्न विचारा. सेरामपूर कॉलेज १८१८ मध्ये स्थापन झाले आणि १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याची सनद दिली. आपल्याकडील अनेक सेमिनरींच्या बी. डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) पदव्या आजही त्याच सनदेच्या आधाराने दिल्या जातात. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, जी १९८३ पर्यंत यवतमाळला होती. पदवीधराला बी. डी.साठी साधारण चार वर्षे द्यावी लागतात, म्हणून तुमची बी. ए. आधी पुरी होणे हे या वाटेवरचेच काम आहे. शेवटच्या वर्षाचे पेपर सोडून सेमिनरीत पळणारा विद्यार्थी तेथेही पेपर सोडतो, असा माझा अनुभव आहे. या वीस महिन्यांत नोकरी सांभाळून करता येणारे सेरामपूरचे ख्रिस्ती अभ्यासाचे दूरस्थ अभ्यासक्रमही पाहा. ते सामान्य सभासदांसाठी आहेत. पण रात्रपाळी करून आल्यावर यशयाच्या पुस्तकावर चार पाने लिहिताना तुम्हाला आनंद होतो की नुसती झोप येते, हे त्यातून कळेल. बी. डी.चे शिक्षण बहुधा इंग्रजीतून असते, तेव्हा रोज थोडे इंग्रजी वाचन सुरू करा. मात्र मराठी बायबल दूर ठेवू नका. पुढे तुम्ही ज्यांच्यापुढे उपदेश करणार आहात ती माणसे इंग्रजीत रडत नाहीत.

तुमच्या पत्रात एक व्यक्ती मला कोठेच दिसली नाही : तुमचे स्वतःचे पाळक. सेमिनरीला मंडळीचे शिफारसपत्र लागते, आणि दीक्षेपूर्वी धर्मप्रांताची समिती उमेदवाराला बोलावून प्रश्न विचारते. पाचारण आपल्याला ऐकू येते ते एकांतात, पण ते पारखण्याचे काम मंडळीचे आहे. तीमथ्याला लिहिताना पौलाने अध्यक्ष, म्हणजे मंडळीचा पुढारी, नवशिका नसावा असे का म्हटले, ते तुम्हाला चार वर्षांपूर्वी परतलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. तेव्हा येत्या रविवारी उपासनेनंतर त्यांना भेटा आणि आजाऱ्यांच्या भेटींना, अंत्यविधींना, पास्टरेट कमिटीच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) कंटाळवाण्या बैठकांनाही मला सोबत न्या असे सांगा. सेवा म्हणजे व्यासपीठ असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात तिचा बराच भाग दवाखान्याच्या बाकावर बसण्यात आणि कबरस्तानाच्या कुंपणावरून भांडणाऱ्या दोन कुटुंबांची समजूत काढण्यात जातो.

घरी सांगण्याचा क्रम चुकवू नका. सर्वांत आधी त्या मुलीला सांगा, तिच्या वडिलांना नंतर. तिने ज्याला होकार दिला आहे तो चाकणचा पगारदार तरुण आहे. बदल्यांची, तुटपुंज्या मानधनाची आणि कोणत्याही वेळी दार वाजणाऱ्या घराची गोष्ट तिच्या कानावर साखरपुड्याच्या आधी गेली पाहिजे. पाळकाची पत्नी होण्यास तिने नकार दिला तर त्यात तिचा विश्वास कमी आहे असे मनातही आणू नका, आणि दुसऱ्याला सांगू तर अजिबात नका. तिला वेळ हवा असेल तर साखरपुडा पुढे ढकला. केक व हॉलचे पैसे बुडाले तरी चालतील. आईला मात्र वरचा हिशेब कागदावर मांडून दाखवा. ‘देवाने मला बोलावले आहे’ या वाक्यापुढे आईला काही बोलता येत नाही, पण हप्त्यांच्या कागदावर ती बोट ठेवून बोलू शकेल, आणि तिने बोलावे हेच आपल्याला हवे आहे.

प्रश्न : माझा मुलगा बँकेतली नोकरी सोडून सेमिनरीत गेला आणि दीड वर्षाने परत आला. माझे ते काम नव्हे, एवढेच तो म्हणतो. तो निघाला तेव्हा मंडळीने त्याच्यासाठी खास प्रार्थना ठेवली होती, वर्गणीही काढली होती. आता लोक विचारतात तेव्हा मान खाली जाते. त्याने मंडळीसमोर उभे राहून क्षमा मागावी का? (एक पिता, जालना)

उत्तर : मागू नये. त्याने पाप केलेले नाही. त्याने पारख केली आणि उत्तर नकाराचे आले. योहान मार्क पंफुल्याहून परत फिरला म्हणून पौलाने त्याला पुढच्या प्रवासात बरोबर घेतले नाही आणि त्यावरून बर्णबाशी त्याचा तीव्र मतभेद झाला. तोच पौल अखेरच्या दिवसांत, मार्कला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे, असे तीमथ्याला लिहितो. मधल्या काळात मार्कला सांभाळले ते बर्णबाने. तुम्ही बर्णबा व्हा.

वर्गणीचे पैसे किती होते ते कमिटीला विचारून, ती रक्कम दुसऱ्या विद्यार्थ्यासाठी सवडीने परत करण्याची तयारी दाखवा; पण हे तुम्ही करा, मुलाला मध्ये घालू नका. दीड वर्षात त्याने जे पेपर दिले त्यांच्या गुणपत्रिका संस्थेतून मागवून घ्या. आणि रविवारी त्याला पुढच्या बाकावर नेऊ नका, मागेही एकटा सोडू नका. तुमच्या शेजारी, नेहमीच्या जागी बसू द्या. कोणी विचारले तर तो घरी आला आहे, एवढे सांगा.