तापमान चुकीचं येतंय? आधी बर्फ, मग वायर

सेन्सर बदलायची घाई करू नकोस. बर्फाचा बारीक चुरा आणि थोडं डिस्टिल्ड पाणी थर्मासमध्ये घाल, ढवळ, प्रोब (सेन्सरचं मोजणारं टोक) मधोमध धर आणि पाच मिनिटं थांब. रीडिंग 0 च्या आसपास हवं. बर्फ तरंगून खाली नुसतं पाणी उरलं असेल तर तळाशी जास्त तापमान दिसेल, म्हणून पाणी कमीच ठेव.

उकळत्या पाण्यात 100 ची अपेक्षा धरू नकोस. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच आहे. इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. हे न कळल्यामुळे कित्येक चांगले थर्मामीटर उगाच बाद होतात!

पीटी-100 (प्लॅटिनमच्या विद्युत रोधावरून तापमान मोजणारा सेन्सर) सतत जास्त दाखवत असेल तर वायर बघ. त्याचा रोध अंशाला फक्त 0.385 ओहमने वाढतो, त्यामुळे दोन वायरच्या जोडणीत वायरचा 1 ओहम म्हणजे तब्बल 2.6 अंशांची चूक. तीन वायरची जोडणी कर आणि स्क्रू घट्ट आवळ.

थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला सेन्सर) तापवल्यावर आकडा उतरतोय? टोकं उलटी लागलीत. लांबवायला साधी तांब्याची वायर वापरली असेल तर तीही काढ, थर्मोकपलच्याच प्रकारची एक्स्टेन्शन केबल लाव. हॉटप्लेट चालू केल्यावरच आकडा नाचत असेल तर प्रोबची केबल मेनच्या वायरीपासून लांब ने.

आणि प्रोब बीकरच्या तळाला टेकवू नकोस, तिथे द्रवाचं नाही, काचेचं तापमान मिळतं.