फ्लीट वॉकरचा लेख हाती घेताना

बेसबॉलपटू मोझेस फ्लीटवुड वॉकरवरचा लेख वाढवायला घेतलात, फार बरं वाटलं. आधी प्रस्तावनेतलं 'पहिला कृष्णवर्णीय खेळाडू' हे वाक्य बदला. विल्यम एडवर्ड व्हाइट २१ जून १८७९ रोजी प्रॉव्हिडन्स ग्रेज या संघाकडून मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत) एकच सामना खेळला होता. त्याची आई गुलामगिरीत होती, पण तो समाजात गोरा म्हणूनच वावरला. म्हणून वॉकरपुढे 'उघडपणे कृष्णवर्णीय म्हणून मेजर लीगमध्ये खेळलेला पहिला' असं लिहा. एक शब्द वाढला तरी चालेल.

१८८४च्या टोलेडो संघाच्या मोसमात वॉकरचे ४२ सामने, फलंदाजीची सरासरी .२६३. आपला वाचक हे क्रिकेटच्या हिशेबाने वाचणार आणि गोंधळणार, तेव्हा तिथेच उलगडून सांगा: फलंदाजीच्या १५२ संधींत ४० हिट, म्हणजे चेंडू फटकावून सुखरूप बेस गाठणं.

खरा जीव ओता तो त्याच्या कॅचर असण्यात, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलण्यात. त्याच्या संघाचा पिचर (चेंडू टाकणारा) टोनी मलेन याने पुढे कबूल केलं की वॉकर उत्तम कॅचर होता, तरी केवळ वर्णद्वेषापोटी कुठला चेंडू टाकायचा हे सांगणाऱ्या त्याच्या खुणा आपण पाहतच नव्हतो. कुठला चेंडू येणार हे ठाऊक नसताना तो झेलत राहणं किती कठीण, हे दोन-तीन वाक्यांत लिहा. 'महान', 'अन्यायग्रस्त' अशी विशेषणं घालू नका, प्रसंग पुरेसा आहे.

वॉकरवरचा १८९१चा खुनाचा खटलाही वगळू नका. निर्दोष सुटका झाली, हे त्याच वाक्यात यायला हवं. १९४७ साली मेजर लीगमधली वर्णबंदी मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनला एक ओळ पुरे. आणि 'मोसेस' या लेखनावरून पुनर्निर्देशन (तसं शोधणाराही याच लेखावर पोहोचेल अशी सोय) तेवढं करून ठेवा, बरेच जण तसंच शोधतात.