सिझरच्या टेबलावरची औषधं: नव्या रेसिडेंटसाठी

बाळ बाहेर आलं की पहिलं औषध, गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिनच. फक्त ते शिरेतून एका दमात ढकलू नकोस, रक्तदाब झपकन खाली येतो. सावकाश दे, मग ड्रिप चालू ठेव. ॲम्प्युल २ ते ८ अंशांच्या फ्रिजमधूनच आलंय ना, हे सिस्टरांना रोज विचार. उन्हाळ्यात बाहेर राहून कमजोर झालेल्या औषधाने गर्भाशय नीट आवळत नाही आणि आपण डोस वाढवत बसतो. त्याच जातीच्या कार्बेटोसिनचा १०० मायक्रोग्रॅमचा एकच डोस जास्त वेळ टिकतो. मिळत असेल तर जरूर वापर.

गर्भाशय आवळणारी आणखी दोन औषधं: मेथर्जिनआधी बीपी बघ, कार्बोप्रोस्टआधी दमा आहे का विचार.

ट्रॅनेक्झामिक ॲसिडबद्दल मात्र नीट ऐक. ते गर्भाशय आवळत नाही, झालेली गुठळी टिकवतं. म्हणजे ऑक्सिटोसिनच्या जागी नाही, जोडीला. फ्रान्समधल्या २०२१ च्या मोठ्या चाचणीत सिझरच्या वेळी सगळ्यांना दिल्यावर हिशेबाने काढलेला रक्तस्राव थोडा घटला, पण रक्त चढवण्याच्या गरजेत ठळक फरक दिसला नाही. म्हणून मी ते सरसकट देत नाही. जास्त रक्तस्राव सुरू झाला तर मात्र १ ग्रॅम, १० मिनिटांत, शिरेतून. प्रसूतीनंतर ३ तासांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं बरं.

ट्रॅनेक्झामिकचं ॲम्प्युल स्पायनलच्या (पाठीतून भूल देण्याच्या) ट्रेजवळ कधीही ठेवू देऊ नकोस. ते बुपिव्हकेनसारखं, म्हणजे पाठीत द्यायच्या भुलीच्या औषधासारखं दिसू शकतं. चुकून पाठीत गेलं तर झटके येतात, बाई दगावू शकते. लेबल मोठ्याने वाच, रात्री तीन वाजतासुद्धा.