विंडोज ११ टाकल्यापासून बॅटरी दीड तासात उतरते, बॅटरी बदलू का?

ताई, बॅटरी आत्ताच घेऊ नका, एवढं आधी सांगतो, मग बाकीचं बोलूया. तुम्ही लिहिलंय की जांबोटीच्या बाजूला शाळेत शिकवता, लॅपटॉप चार वर्षांचा आहे, विंडोज १० होतं तोवर साडेतीन-चार तास जायचा, गेल्या महिन्यात ११ टाकलं आणि आता दीड तासात बंद पडतो, रात्री झाकण मिटून ठेवला तर सकाळी निम्मी बॅटरी गेलेली असते, आणि बेळगावात दाखवल्यावर बॅटरी बदला म्हणून सांगितलं. पावसाळा तोंडावर आलाय, तुमच्याकडं एकदा झाड तारेवर पडलं की लाईट कधी येईल ह्याचा नेम नाही, त्यामुळं तुमची घाई मला पूर्ण समजते, मी खानापूरचाच आहे.

माझंही अगदी असंच झालं होतं म्हणून लिहालोय. मी उद्यमबागेत एका कास्टिंगच्या कारखान्यात हिशेब बघतो, रोज खानापूर-बेळगाव ये-जा, आणि जीएसटीचं काम राहिलं की लॅपटॉप घरी घेऊन येतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्याच्या आधी आठ दिवस मी ११ टाकून घेतलं. २० तारखेच्या आत रिटर्न भरायचं होतं, रात्री बसलो, लाईट गेली, आणि जो लॅपटॉप तीन तास आरामात जायचा तो तासाभरात लाल बत्ती दाखवायला लागला. दुसऱ्या दिवशी दुकानात नेला, तो पोरगा चालू करून दोन मिनिटं बघून म्हणाला "ब्याटरी होगेद री", म्हणजे कन्नडमध्ये बॅटरी गेली हो, मी पण मान डोलावली, ३६०० रुपये दिले, नवीन बॅटरी घालून घरी आलो, आणि ती नवीन बॅटरी पण दोन तासांच्या वर जाईना. तेव्हा मात्र मला फार वाईट वाटलं, पैशापेक्षा जास्त ह्याचं की जुनी बॅटरी चांगली होती की वाईट हे कुणी बघितलंच नाही, मीही नाही. त्यानंतर दोन रात्री बसून एकेक करत सगळं शोधलं, ते तुम्हाला सांगतो.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा. विंडोज बदलल्यानं बॅटरीच्या आतलं लिथियम बदलत नाही. बॅटरी म्हातारी होते ती वापरानं, वयानं, उष्णतेनं आणि कायम १०० टक्क्यांवर भरून ठेवल्यानं, आणि हे सगळं महिन्यांत-वर्षांत होतं, एका रात्रीत नाही. म्हणजे अपग्रेड झाल्या दिवशीच बॅटरी निम्म्यावर आली असेल तर बहुतेक टाकी लहान झालेली नाही, कुठंतरी नळ सुटा राहिलाय, म्हणजे बॅटरीत मावतं तेवढंच, पण वीज कुठंतरी वाया जातेय. हिशेब साधा आहे, ४० वॉट-अवरची (वॉट-अवर म्हणजे बॅटरीत मावणारी वीज मोजायचं माप) बॅटरी असेल आणि लॅपटॉप १० वॉट खात असेल तर चार तास, तोच २५ वॉट खायला लागला तर दीड तासाच्या आसपास. तुमचे आकडे बघा, बरोबर असेच आहेत. पण अंदाजावर जायचं नाही, मोजायचं.

मोजायला दुकान लागत नाही, पैसा लागत नाही. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, काळी खिडकी उघडेल, त्यात इंग्रजी स्पेलिंगमध्ये पॉवरसीएफजी हे सगळं जोडून टाइप करा, एक स्पेस, मग तिरकी रेघ म्हणजे स्लॅश, आणि स्लॅशला चिकटून बॅटरीरिपोर्ट, हेही जोडून. एंटर मारलं की फाइल कुठं सेव्ह झाली ते तिथंच लिहून येतं, साधारण सी ड्राइव्हमध्ये युजर्सच्या आत तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये असते, ती ब्राउझरमध्ये उघडते. वरच्या भागात दोन ओळी बघा, डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. पहिली म्हणजे बॅटरी नवीन असताना किती मावायचं, दुसरी म्हणजे आज किती मावतंय, दोन्ही मिलिवॉट-अवरमध्ये. माझ्या जुन्या बॅटरीचा रिपोर्ट मी नवीन घालायच्या आधी काढायला पाहिजे होता, तो नंतर काढला, जुनी बॅटरी परत घालून. ४१,००० पैकी ३४,००० निघाले. म्हणजे ८३ टक्के! तीन वर्षांच्या बॅटरीला हे उत्तम आहे, ती बदलायची काहीच गरज नव्हती.

उलटंही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी सगळ्यांनाच बॅटरी घेऊ नका म्हणतोय. माझा भाचा निपाणीला असतो, त्यानंही ११ टाकल्यावर हीच तक्रार केली, त्याचा रिपोर्ट मागवला तर ४२,००० पैकी जेमतेम १७,००० राहिले होते, शिवाय ३५ टक्के दाखवताना लॅपटॉप एकदम बंद व्हायचा. त्याची बॅटरी खरंच गेली होती, दोन वर्षं लॅपटॉप चार्जरला लावून टेबलावर होता, कधी काढलाच नाही, अपग्रेडच्या निमित्तानं त्यानं पहिल्यांदा चार्जर काढून वापरला आणि तेव्हा कळलं. त्याला मी लगेच नवी घ्यायला सांगितली, कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरातून, जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर जुळवून. माझं मत असं की ७०-८० टक्क्यांच्या वर असेल तर बॅटरीला हात लावू नका, ५० च्या खाली असेल तर बदला, मधलं असेल तर आधी बाकीचं दुरुस्त करून बघा.

आणि हो, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि मी मध्येच लिहालोय पण वाचा नक्की, लॅपटॉप सपाट जागेवर ठेवून बघा, टचपॅड वर आलाय का, खालचं झाकण फुगलंय का, कडेची फट वाढलीय का. असं असेल तर रिपोर्ट वगैरे काही नको, चार्जर काढा, बंद करा आणि वापरू नका, फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते, ती दाबायची नाही, टोचायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही. नवीन जिथून घ्याल त्यांच्याकडंच जुनी द्या, २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे.

आता समजा तुमचा आकडा चांगला निघाला, मला वाटतंय निघेल, तर नळ कुठं सुटलाय ते बघायचं. माझ्यात दोन ठिकाणी होता.

पहिला दिवसाचा. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे लॅपटॉपमधल्या सगळ्या भागांची विंडोजमधली यादी, ती उघडून डिस्प्ले अॅडॉप्टर्स बघितलं तर तिथं इंटेलचं नावच नव्हतं, मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॉप्टर असं लिहिलेलं. म्हणजे अपग्रेडमध्ये ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग विंडोजकडून नीट चालवून घेणारा छोटा प्रोग्राम, गळाला होता आणि विंडोजनं कामचलाऊ लावला होता. त्यानं काय होतं तर स्क्रीनवर जे काही हलतं, खिडकी सरकवणं, व्हिडिओ, अगदी एक्सेलचं स्क्रोल, ते ग्राफिक्स चिपच्या ऐवजी प्रोसेसरला करावं लागतं, प्रोसेसर सतत राबतो, पंखा ओरडतो, तळ गरम होतो आणि बॅटरी सरसर उतरते. तुमचा पंखा आधीपेक्षा जास्त आवाज करतोय का? असेल तर पहिला संशय इथंच घ्या. उपाय म्हणजे लॅपटॉपच्या तळावरचा सिरियल नंबर घ्या, त्या कंपनीच्या स्वतःच्या सपोर्ट साइटवर टाका, आणि विंडोज ११ साठीचे चिपसेट, ग्राफिक्स, वायफाय आणि पॉवर मॅनेजमेंटचे ड्रायव्हर तिथूनच उतरवा. ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर असतात, ती घेऊ नका, कृपा करून. मी ग्राफिक्सचा ड्रायव्हर घातला आणि त्याच संध्याकाळी तीन तास पार झाले, मला खरंच आनंद झाला होता त्या दिवशी.

दुसरा नळ रात्रीचा, आणि तुमचा हा नक्की आहे कारण झाकण मिटून निम्मी बॅटरी जाणं बरोबर नाही. परत काळी खिडकी, पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश ए. तिथं एस ३ उपलब्ध दिसलं तर जुन्या पद्धतीची झोप, एस ० लो पॉवर आयडल दिसलं तर नवीन पद्धतीची, तिला मॉडर्न स्टँडबाय म्हणतात. ह्या नवीन झोपेत लॅपटॉप मोबाइलसारखा अर्धवट जागा असतो, नेट चालू ठेवू शकतो, मेल आणतो, आणि एखादा जुना ड्रायव्हर त्याला गाढ झोपू देत नसेल तर रात्रभर बॅगेत गरम होत बसतो. कोण झोपू देत नाही ते पण कळतं, काळी खिडकी उघडताना राइट क्लिक करून रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर करा आणि पॉवरसीएफजी स्लॅश स्लीपस्टडी द्या, मागच्या तीन दिवसांत झाकण मिटल्यावर काय काय झालं ते रंगासकट येतं. माझ्यात वायफायचा ड्रायव्हर होता. तो बदलला तरी मी आणखी एक केलं आणि तुम्ही तर करायलाच पाहिजे असं मला वाटतं, कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन झाकण मिटल्यावर स्लीपच्या ऐवजी हायबरनेट लावलं. हायबरनेटमध्ये उघडलेलं सगळं डिस्कवर लिहिलं जातं आणि लॅपटॉप पूर्ण बंद होतो, सकाळी उघडायला थोडा वेळ जास्त लागतो पण रात्री ८० होती तर सकाळी जवळपास ८० च असते, दोन दिवस लाईट नसली तरी. यादीत हायबरनेट दिसत नसेल तर अॅडमिनिस्ट्रेटरच्या खिडकीत पॉवरसीएफजी स्लॅश हायबरनेट, स्पेस, ऑन, एवढं द्या, मग दिसेल.

ह्याच्याशिवाय सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग पॉवर अँड बॅटरी, तिथं बॅटरी युसेज म्हणून आहे, कुठलं अॅप किती खातंय ते २४ तासांचं आणि ७ दिवसांचं दिसतं. अपग्रेडनंतर विंडोज सगळ्या फायलींची शोधयादी नव्यानं करतं, अॅप अपडेट होत राहतात, वनड्राइव्ह फोटो चढवत बसतं. एरवी हे दोन-तीन दिवसांत संपतं, पण तुमच्याकडं नेट अडखळतं आणि तुम्ही काम झालं की लगेच झाकण मिटत असाल तर महिना झाला तरी ते अर्धवटच राहिलेलं असू शकतं. एखाद्या रविवारी लाईट आणि नेट दोन्ही चांगलं असेल तेव्हा चार्जर लावून, स्लीप बंद करून, झाकण उघडं ठेवून सात-आठ तास तसाच सोडा, त्याचं त्याला उरकू दे. पॉवर मोड बॅटरीवर असताना बेस्ट पॉवर एफिशियन्सी ठेवा, ब्राइटनेस कमी करा, ते तुम्हाला माहीत असेलच.

बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, त्याचं अपडेट आलेलं असेल तर तेही करा पण सगळ्यात शेवटी, आणि इथं मी हात जोडून सांगतो, बॅटरी चांगली भरलेली असताना आणि चार्जर लावूनच करा, मध्येच लॅपटॉप बंद पडला तर मदरबोर्डचं काम निघू शकतं. ढगाळ दिवशी, वारा सुटलेला असताना करू नका, तुमच्या भागात तर नकोच.

परत विंडोज १० वर जाऊ का असंही विचारलंय तुम्ही. अपग्रेडनंतर १० दिवसांपर्यंत रिकव्हरीमधून मागं जाता येतं, ते तुमचं उलटून गेलंय, आता जायचं तर सगळं पुसून नवीन टाकावं लागेल, आणि १० ला जादाचे सुरक्षा अपडेट घरगुती वापरासाठी नोंदणी करून घेतले तरी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. पोरांचे मार्क, प्रश्नपत्रिका, सगळं त्या लॅपटॉपवर आहे म्हणता, मग मी तरी मागं जाणार नाही.

अजून एक, चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबतंय असं पुढं कधी दिसलं तर घाबरू नका. कंपनीच्या अॅपमध्ये, लेनोवोचं व्हँटेज, असूसचं मायअसूस वगैरे, बॅटरी जपायला चार्जची मर्यादा असते, ती चालू असली की असं होतं, तो बिघाड नाही. एरवी ती चालूच ठेवावी, आयुष्य वाढतं, मात्र जून ते ऑगस्ट तुम्ही बंद ठेवा आणि १०० टक्के भरून घ्या, त्या दिवसांत तुम्हाला एकेक टक्का लागणार आहे.

आज फक्त बॅटरी रिपोर्ट काढा, त्यातले ते दोन आकडे, डिस्प्ले अॅडॉप्टर्समध्ये काय लिहिलंय ते, आणि लॅपटॉपचं मॉडेल इथं खाली टाका. सातच्या गाडीनं घरी येतो, जेवण झालं की बघून तुमचा कुठला ड्रायव्हर उतरवायचा ते सांगतो.