कोऱ्या ओळीवर सही करू नकोस

पोरी,

तुझा निरोप दोनदा ऐकला. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तू नालीच्या कामाचा खर्च विचारलास, 'पुढच्या सभेत पाहू' म्हणून फाइल मिटली गेली आणि घरी आल्यावर सासरेबुवांनी सुनावलं, "तुले सही कराले निवडून आणलं, भाषण द्याले नाही." त्यावर तुझं म्हणणं, बेचाळीसवाल्यांनी जीव दिला तो याच्यासाठी का? पंचायतीचा राजीनामा देऊन मोकळी होते.

राजीनाम्याचं मागून बोलू. आधी बेचाळीसचं.

शाळेत असताना तूही चिमूरच्या स्मारकावर रांगेत उभी राहून घोषणा दिल्या असशील. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. त्या दिवशी चिमूरमध्ये बालाजी रायपूरकर नावाचा कोवळा पोरगा पोलिसांच्या गोळीनं गेला. तिकडे वर्धा जिल्ह्यात आष्टीलाही त्याच दिवशी रक्त सांडलं. एवढं आपण दरवर्षी भाषणात ऐकतो. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. चिमुरात लष्कर शिरलं, बायाबापड्यांवर अत्याचार झाले, आणि त्याची चौकशी व्हावी एवढ्या एका मागणीसाठी गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमातले प्रा. भन्साळी ६३ दिवस उपाशी राहिले. चिमूर-आष्टीच्या कित्येकांना फाशीची शिक्षा झाली होती. ती रद्द व्हावी म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे वणवण फिरल्या. मला या गोष्टीत बंदुकीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं. राज्य कुणाचंही असो, त्याला जाब विचारता आला पाहिजे, हे त्या माणसांना हवं होतं. तू नालीचा खर्च विचारलास तो त्याच जातीचा प्रश्न. तू म्हणशील, काका कुठली गोष्ट कुठं नेऊन जोडतात. जोडतो बाई, कारण मधली कडी मी स्वतः तोडली आहे.

३१ वर्षं मी ग्रामसेवक होतो. (आता पद मोठं झालं, ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात.) ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला लागू झाली तेव्हा आम्हाला प्रशिक्षण मिळालं. ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली, २९ विषय पंचायतीकडे यायचे, बायांना राखीव जागा. मी भारावून गेलो होतो. परत आलो आणि सहा महिन्यांत शिकलो की ग्रामसभा घ्यायची नसते, लिहायची असते. कोरम म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी: १०० माणसं किंवा १५ टक्के मतदार, जे कमी असेल ते. तेवढी आली नाहीत की सभा तहकूब. आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही! कायद्यानं अडचणीसाठी ठेवलेलं दार आम्ही वहिवाटीचं केलं. पहिली सभा मुद्दाम भर दुपारी, वावरात माणसं असताना ठेवायची. दुसरीला सरपंच, शिपाई, मी आणि पारावरचे चार म्हातारे. 'सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर.' ठरावाखाली दोन बोटं कोरी जागा सोडायची. तिथं पुढं काय लिहिलं जायचं ते तुला सांगायला नको.

एकदा घरोघर फिरून अंगठे घेत होतो. एका म्हातारीनं अंगठा पॅडवर टेकवला, वहीपाशी नेला आणि थांबली. "बाबू, वाचून तं दाखव काय लिवलं." मी म्हटलं, "आजी, तुमच्याच घरकुलाचं आहे." तिनं अंगठा उठवला आणि उरलेली शाई कुडाच्या भिंतीला पुसली. घरकुलाचं नव्हतं ते. त्या यादीत तिचं नावही नव्हतं. बोरू-दौतीपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळी लिखापढी केली मी, पण भिंतीवरचं ते निळं बोट काही पुसलं गेलं नाही.

आणि गाव म्हणजे गोकुळ होतं, ग्रामसेवकानं बिघडवलं, असंही समजू नकोस. सेवाग्रामच्या म्हाताऱ्याला, गांधीजींना, खेड्यात स्वराज्य दिसत होतं. बाबासाहेबांना त्याच खेड्यात जातीचा कोंडवाडा दिसत होता, आणि ते त्यांनी संविधान सभेत स्पष्ट सांगितलं. २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात त्यांनी बजावलं होतं की मताला समान किंमत मिळेल, पण जगण्यात विषमता तशीच राहील, आणि ही विसंगती फार काळ चालली तर भोगावं लागेल. माझ्या वह्यांतले सिमेंटचे रस्ते काढून बघ: सगळे पाटलाच्या वाड्यापासून सुरू होतात आणि वस्तीच्या अलीकडे निधी संपतो.

म्हणून मला दोघांचंही पटतं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं तर गावातलं स्वराज्य करूनही दाखवलं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणत सगळ्यांच्या सहमतीशिवाय निर्णय घ्यायचा नाही असं ठरवलं, वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, २०११मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पासही गावानंच द्यायचे झाले. त्याला किती वर्षांच्या बैठका लागल्या असतील, हिशेब कर. वर मात्र उलटा प्रकार. २०२२मध्ये मुदत संपलेल्या कितीतरी जिल्हा परिषदा तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाच्या हाती राहिल्या, आणि गावात कुणाचं काही अडलं नाही. हे अडलं नाही, याचीच मला जास्त भीती वाटते.

आता कामाचं. सभेचा पहिला विषय असतो मागील इतिवृत्त वाचून कायम करणं. 'वाचलं समजा' म्हणतील. समजू नकोस, वाचायला लाव. शेवटच्या ठरावाखाली कोरी जागा दिसली तर सही करण्याआधी आडवी रेघ मार. रेघेला कोणी कायद्यानं हरकत घेऊ शकत नाही, मी जन्मभर त्याच रेघेला घाबरलो. नालीचं देयक ई-ग्रामस्वराज पोर्टलवर सापडतं का ते मोबाइलवर पाहा, नाही सापडलं तर माहिती अधिकाराचा अर्ज दे, पण एकटीच्या नावानं नको, चार बायांच्या सह्या घे. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते. ती आजवर कागदावरच झाली असणार. पहिली खरी तू घे, अंगणवाडीत, चहा ठेवून. सासरेबुवांशी भांडू नकोस. त्यांनाच विचार, नालीचे पैसे किती आले होते. मला वाटतं त्यांनाही ठाऊक नाही.

२ ऑक्टोबरची सभा सोयाबीनच्या सोंगणीत येते. दुपारची ठेवली तर समज मी शिकवलेलीच युक्ती आहे. रात्री आठची मागून घे, लेखी.

राजीनामा त्यानंतर द्यायचा तर दे, मी अडवणार नाही.

आणि वाचताना आवाज मोठा ठेव. मागं भिंतीला टेकून बसलेल्या बायांना काही ऐकू येत नाही, हे मला ३१ वर्षं माहीत होतं.

तुझा,
काका