'ट्रिप्लेट'ला तिहेरी म्हणावे की त्रिक?

प्रश्न असा आहे : प्रकाश देणाऱ्या सेंद्रिय पॉलिमरवरच्या एका लेखाचा मथळा मराठीत आणायचा आहे. मुळात 'ट्रिप्लेट एक्सायटेड स्टेट्स'चे 'मॅनेजमेंट' आहे. 'तिहेरी उत्तेजित अवस्थांचे व्यवस्थापन' चालेल का?

'उत्तेजित अवस्था' चालेल. 'तिहेरी' नको. 'व्यवस्थापन' चुकीचे नाही, पण त्यातून वाचकाच्या हाती काही लागत नाही.

एकेरी, दुहेरी, तिहेरी हे आपले पदर मोजणारे शब्द. दोरा दुहेरी घेतात, घडी तिहेरी घालतात. रसायनशास्त्राने ते बंधांसाठी उचलले, आणि घोटाळा इथेच होतो. या पॉलिमरच्या कण्यात एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात; काही साखळ्यांत खरोखरच तिहेरी बंधही असतात. तिथे 'तिहेरी अवस्था' वाचली की डोळ्यांपुढे कार्बनमधल्या तीन रेघा उभ्या राहतात. 'ट्रिप्लेट'चा त्यांच्याशी काही संबंध नाही. तीन इलेक्ट्रॉन, तीन रेणू असेही काही नाही. इलेक्ट्रॉन दोनच : एक वरच्या पातळीवर गेलेला, एक मागे राहिलेला. दोघांचे मिळून स्पिन (इलेक्ट्रॉनचा अंगभूत फिरकीसारखा गुण, दिशा वर किंवा खाली) १ असेल तर त्या जोडीला तीन रूपे घेता येतात (२×१+१ = ३) : दोन्ही वर, दोन्ही खाली, आणि एक वर एक खाली पण एकाच कलेत (फेजमध्ये). चौथी शक्यता एक वर एक खाली, विरुद्ध कलेत. तिचे स्पिन शून्य, रूप एकच. ती 'सिंग्लेट'.

म्हणजे हवा तो तीन जणांच्या गटाचा शब्द, आणि तो शाळेच्या पुस्तकातच आहे : डोबेरायनरची त्रिके. 'त्रिक अवस्था' म्हणावे. जोडीला 'एकल अवस्था'. 'एकक' टाळा, तो शब्द मीटर-किलोग्रॅमने कधीच अडवून ठेवला आहे. (एकत्र जन्मलेल्या तीन बाळांना 'तिळे' म्हणतात. अर्थाने तो जवळचा, पण प्रयोगशाळेत कुणी तोंडात घेणार नाही.)

शब्दातला 'तीन' जपायचा तो शोभेसाठी नव्हे. पॉलिमरमधून वीज सोडली की इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, जी धन भारासारखी वागते) एकमेकांच्या स्पिनची दखल न घेता भेटतात. चार रूपांपैकी एक एकल, तीन त्रिक, म्हणून साधारण २५ टक्के आणि ७५ टक्के असा वाटा पडतो. १९९०मध्ये केंब्रिजच्या गटाने पॉलिफेनिलीनव्हिनिलीन हे पॉलिमर विजेवर उजळवून दाखवले, तेव्हापासून हा हिशेब मानगुटीवर बसलेला आहे. एकल अवस्था नॅनोसेकंदाच्या आसपास प्रकाश देऊन मोकळी होते. त्रिक अवस्थेला तळाशी परतायला स्पिन बदलावे लागते, म्हणून ती मायक्रोसेकंदांपासून मिलिसेकंदांपर्यंत रेंगाळते आणि बहुतेक वेळा उष्णता होऊन संपते.

आता 'मॅनेजमेंट'. या क्षेत्रात त्याखाली निदान तीन वेगळी कामे येतात, आणि मराठीत तिन्हींना वेगळी क्रियापदे आहेत.

पहिले काम वसुलीचे. इंग्रजीत त्याला पिकाच्या कापणीचा शब्द आहे, पण 'त्रिकांची कापणी' म्हटले तर भलताच बोध होतो. अडकलेली येणी वसूल करतात तसा हा प्रकार, म्हणून 'वसूल करणे' चपखल. एक रस्ता इरिडियम किंवा प्लॅटिनमचा : जड अणूमुळे स्पिनची मनाई सैल पडते आणि त्रिक अवस्था मायक्रोसेकंदभरात स्वतःच उजळते. दुसरा रस्ता त्रिकाला वर ढकलून एकल करण्याचा. साध्या संयुग्मित (एकेरी-दुहेरी बंध आलटून पालटून येणाऱ्या) पॉलिमरमध्ये दोन्ही अवस्थांत सुमारे ०.७ इलेक्ट्रॉनव्होल्टचे (हे ऊर्जेचे एकक) अंतर असते, आणि खोलीच्या तापमानाची ऊर्जा जेमतेम ०.०२५. म्हणून इलेक्ट्रॉन देणारा दाता गट आणि तो घेणारा ग्राही गट एकमेकांशी जवळजवळ काटकोनात बसवून ते अंतर ०.१च्या आसपास आणतात. त्याची किंमत म्हणजे उजळण्याचा वेग घटतो. या प्रकाशाला 'विलंबित अनुदीप्ती' (डिलेड फ्लुओरेसन्स) म्हणतात ते ठीकच आहे.

दुसरे काम अडवण्याचे, म्हणजे ऊर्जा उजळणाऱ्या रेणूवरच राखण्याचे, आणि भाषांतरे सर्वांत जास्त इथेच घसरतात. उजळणारा रेणू 'पाहुणा', त्याला सामावणारे पॉलिमर 'यजमान'. यजमानाची त्रिक पातळी पाहुण्यापेक्षा वर हवी, शक्यतो ०.१ ते ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्टने. पॉलिफ्लुओरीन या पॉलिमरची त्रिक पातळी साधारण २.१ ते २.२. हिरव्या इरिडियम संयुगाची २.४ च्या आसपास. हे दोन मिसळले तर ऊर्जा पाहुण्याकडून यजमानाकडे परत ओघळते आणि हिरवा प्रकाश मंदावतो. तांबड्या पाहुण्याची पातळी खालची, त्यामुळे त्याला तेच यजमान चालते. यजमानाची पातळी चढवायची तर साखळीतले संयुग्मन तोडावे लागते. उदाहरणार्थ, कार्बाझोल हा घटक २,७ ऐवजी ३,६ या क्रमांकांच्या जागांवरून जोडतात. मग मात्र ऊर्जा-अंतर रुंदावते आणि विद्युतभार आत शिरणे कठीण होते. 'कन्फाइनमेंट'ला इथे 'बंदिवास' असेही वाचायला मिळते. 'अडवणूक' नको, तिला खंडणीचा वास येतो. 'अडवून धरणे' हेच सरळ.

तिसरे काम शमवण्याचे, कारण रेंगाळणारी त्रिके त्रासही देतात. दोन त्रिके भिडली की एक जाते. यालाच 'त्रिक-त्रिक विलोपन' म्हणतात. त्यातून एक एकल अवस्था निघाली तर तो फायदा : २५ अधिक ७५ चा निम्मा, म्हणजे कमाल ६२.५ टक्के. इरिडियमच्या पाहुण्यांत मात्र हेच विलोपन निव्वळ तोटा. वीजप्रवाह वाढवला की कार्यक्षमता घसरते ती बऱ्याच अंशी यामुळे. पाहुण्याचे प्रमाण फार वाढवले की त्यांचे पुंजके होतात आणि घसरण आणखी लवकर सुरू होते. तेव्हा विलोपन लिहिताना ते कमाईचे की तोट्याचे, हे वाक्यात यायलाच हवे.

'क्वेंचिंग'ला 'शमन' बरा. लोहारकामातले 'पाणी देणे' इथे आणू नका. सर्वांत मोठा शामक म्हणजे ऑक्सिजन. तो स्वतः तळाच्या अवस्थेत त्रिक असल्याने पॉलिमरमधले त्रिक सहज गिळतो, आणि त्यातून निघणारा एकल ऑक्सिजन साखळीच खराब करतो. म्हणून मोजमापाआधी द्रावण गोठवणे, हवा ओढणे, वितळवणे हे चक्र निदान तीनदा करतात, आणि त्रिक पातळी मोजताना नमुना द्रव नायट्रोजनमध्ये, ७७ केल्व्हिनला ठेवतात. हवा राहून गेली तर द्रावणातली मंद चमक दिसतच नाही, आणि 'या पॉलिमरला त्रिक प्रकाश नाही' असा खोटा निष्कर्ष निघतो.

मथळा मग असा करता येईल (पॉलिमरला मराठीत 'बहुवारिक') : 'प्रकाशक सेंद्रिय बहुवारिकांतील त्रिक अवस्था : वसुली, अडसर आणि शमन'. एकच शब्द हवा असेल तर 'नियोजन'. 'विल्हेवाट'चा मूळ अर्थ, जिथली वस्तू तिथे लावणे, इथे फार छान बसला असता. पण आज तो शब्द कचऱ्याच्या गाडीतूनच फिरतो. आणि त्रिकांच्या थेट प्रकाशाला 'स्फुरदीप्ती' लिहाल तेव्हा कंसात एवढे जोडा, की त्यासाठी रेणूत स्फुरद असावे लागत नाही.